तार आली हो!

आमच्या लहानपणी गिरगावच्या वाडीत "तार आली हो!" अशी आरोळी उठली, की बायामाणसे आधी डोळ्यांना पदर लावीत आणि मग विचारीत, "कुणाची?" तारेत काय लिहिले आहे ते वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. तार म्हणजे कुणीतरी गेले, हे ठरलेलेच. एकदा शेजारच्या बिऱ्हाडात अशीच तार आली आणि रडारड सुरू झाली. अर्ध्या तासाने वाडीतल्या एका मॅट्रिक झालेल्या गृहस्थांनी ती उघडून वाचली, तो नागपूरच्या लेकीला मुलगा झाल्याची बातमी! ज्या काकूंनी सर्वांत मोठ्याने गळा काढला होता, त्यांनीच सर्वांत आधी पेढे मागितले.

पुढे घरोघर टेलिफोन झाले, मग ते खिशात शिरले, आणि जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवाच बंद करून टाकली. तारेची भीती संपली. असे असताना यंदाच्या श्रावणात आमच्या रबाळ्याच्या घरी पुन्हा तार आली. ती मीच आणली, चांगली तीस मीटर, खांद्यावर वेटोळे टाकून; आणि ती पाहून आमच्या सौभाग्यवतींनी जो सूर लावला, तो ऐकून मला त्या वाडीतल्या काकूंचीच आठवण झाली.

"अहो, लोक घरातल्या तारा काढून टाकताहेत, आणि तुम्ही विकत आणताय?"

वाचकहो, दर दिवाळीला या सदरासाठी मी काहीतरी खुसखुशीत लिहावे अशी संपादकांची अपेक्षा असते. यंदा त्यांनी बजावले आहे, की खुसखुशीत चकल्या घरोघर असतात, तुम्ही जरा उपयोगाचे लिहा. तेव्हा यंदाचा विषय उपयोगाचा आहे. घरातल्या घरात संगणकाची तार कशी ओढावी, आणि मुख्य म्हणजे का ओढावी, ते मी सांगणार आहे. हे सांगण्याचा मला थोडा अधिकारही आहे. मी महानगर टेलिफोन निगमात केबल जोडणारा होतो. १९८८ साली लागलो आणि ३१ जानेवारी २०२० रोजी हजारो सहकाऱ्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आलो. मुंबईच्या रस्त्यांखालच्या भुयारांत बसून शिशाच्या सालीच्या, कागदी वेष्टणाच्या केबली मी जोडल्या आहेत. एकेका केबलीत बाराबाराशे जोड्या असत. पावसाळ्यात पाणी शिरले, की त्यांतली भिजलेली जोडी हुडकून काढायची. इतक्या लोकांच्या घरात बोलणे पोचवलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र ते आतल्या खोलीपर्यंत पोचत नव्हते, आणि तिथूनच या गोष्टीला सुरुवात होते.

रबाळे कुठे आहे, असे पुष्कळ जण विचारतात. ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसा. ऐरोलीनंतर आणि घणसोलीच्या आधी जे स्टेशन लागते, ते रबाळे. ही गाडी २००४ साली सुरू झाली आणि पाठोपाठ आम्ही गिरगाव सोडून इकडे आलो. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि मधून ठाणे-बेलापूर रस्ता. डोंगराच्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे. तिथे पूर्वी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने काय ते प्रसिद्ध होते. आता त्यांच्यामध्ये काही निराळ्याच इमारती उठल्या आहेत. त्यांना खिडक्या जवळजवळ नाहीत, आत माणसे थोडी, आणि बाहेर जनित्रांची रांग एखाद्या लग्नाच्या वरातीसारखी उभी. ही डेटा सेंटरे. सिफीसारख्या कंपन्यांनी इथे माहितीची कोठारे उभारली आहेत. तुम्ही नाशकात बसून बँकेत पैसे भरता किंवा सांगलीत बसून सिनेमा पाहता, त्यातले काहीतरी या कोठारांतून जात-येत असायचेच. आमच्या गच्चीवरून त्या इमारतींचे दिवे दिसतात.

म्हणजे साऱ्या देशाची माहिती आमच्या उशाशी झोपलेली, आणि आमच्या घरात मात्र, "हॅलो, माझा आवाज येतोय का? हॅलो?"

आमचे घर आगगाडीच्या डब्यासारखे आहे. दार उघडले की दिवाणखाना, मग लांबलचक बोळ, बोळात एका बाजूला स्वयंपाकघर, पुढे आमची खोली, आणि शेवटी चिरंजीवांची खोली. इंटरनेटची पेटी बसवायला जो मुलगा आला होता, त्याने ती जोड्यांच्या कपाटावर, दारालगत ठोकून दिली. का, तर त्याची तार तिथपर्यंतच होती. तेव्हा कुणाला काही वाटले नाही. पण आमच्या सूनबाई एका अमेरिकन कंपनीचे हिशेब तपासण्याचे काम घरूनच करतात. कंपनीची कचेरी पुण्याला, काम संध्याकाळी साडेसहाला सुरू होऊन रात्री साडेतीनला संपायचे. नातू तीन वर्षांचा. तो दिवाणखान्यात असला की तिथे शेअर बाजारालाही कामकाज करता येणार नाही. म्हणून सूनबाई आतल्या खोलीत दार लावून बसतात. आणि आतल्या खोलीत वायफाय म्हणजे उन्हाळ्यातला नळ. येतो म्हणावे तर येत नाही, आणि गेला म्हणावे तर दोन थेंब पडतात.

जूनमध्ये सूनबाईंना वरिष्ठांचे पत्र आले. भाषा अगदी गोड होती, परंतु अर्थ सरळ होता. बैठकीत तुमचे बोलणे वरचेवर तुटते, तेव्हा दोन महिन्यांत घरची जोडणी सुधारा, नाहीतर कचेरीत येऊन काम करा. कचेरी पुण्याला! चिरंजीवांनी पुण्यात नोकरी मिळते का, याची चौकशी सुरू केली. तिथल्या भाड्याच्या जागा रात्री जेवताना मोबाइलवर पाहिल्या जाऊ लागल्या. कुणी भांडले नाही, कुणी अडवले नाही. त्या दोघांचेही बरोबरच होते. पोटाला काम हवे. फक्त एके दिवशी मी पाहिले, की आमच्या घरधनिणीने माळ्यावरचा मोठा पितळी डबा खाली काढला आहे.

"हा कशाला?" मी विचारले.

"चिंचेने घासून ठेवते. पुण्याला फराळ पाठवायला लागेल," ती म्हणाली, आणि डबा घेऊन मोरीत गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही.

आधी आम्ही सर्वांनी करतात तेच सगळे उपाय केले. पेटीची शिंगे वळवून पाहिली. पेटीमागे जेवण बांधायचा चंदेरी कागद लावला. त्याने समोरच्या बिऱ्हाडाची तक्रार आली, पण आमचे काही भले झाले नाही. मग बाजारातून ते एक मधल्या बोळात लावायचे खोके आणले, जे एकीकडून ऐकते आणि दुसरीकडे सांगते. ते काम करते, नाही असे नाही. पण स्वस्तातले खोके ऐकणे आणि सांगणे एकाच लहरीवर करते. म्हणजे ऐकताना सांगता येत नाही आणि सांगताना ऐकता येत नाही. त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आमच्या घरात अशी दोन माणसे आधीच असल्यामुळे मला हे चटकन समजले.

शिवाय सूनबाईंनी एक चमत्कार टिपून ठेवला होता. रात्री साडेआठच्या सुमारास बोलणे हटकून तुटे. ही काय भानगड म्हणून शोध घेतला, तर त्या वेळी सासूबाई नातवाचे दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करीत! यात अंधश्रद्धा काही नाही. दूध तापवणारी लहर आणि वायफायची जुनी लहर एकाच पट्ट्यातली, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासची. त्या पट्ट्यात एकमेकांना न घासता चालतील अशा गल्ल्या तीनच. आणि आमच्या इमारतीत बिऱ्हाडे चाळीस, प्रत्येकाची पेटी बोलणारी. दादरच्या भाजीबाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी कुजबुजत प्रेम करण्यासारखेच ते! नवी ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान आहे, गर्दीही कमी. पण ती भिंतीला फार लाजते. आमच्या घरात पेटीपासून आतल्या खोलीपर्यंत तीन भिंती, एक शीतकपाट आणि एक लोखंडी गोदरेजचे कपाट. तिथवर जाईतो ती बिचारी थकूनच जाई.

शेवटी एका रविवारी चहाच्या वेळी मी म्हणालो, "तार ओढू."

चिरंजीव हसले. "बाबा, सारं जग बिनतारी झालं. तुम्ही अजून भुयारातच आहात."

मला राग आला नाही. टेलिफोन खात्यातल्या माणसाला राग येत नाही. बत्तीस वर्षांत तो लोकांनी आमच्यावर काढून संपवलेला असतो. मी म्हणालो, "बाळ, १८७० साली समुद्राच्या तळातून एडनहून मुंबईला तार आली. आजही तुझ्या मोबाइलवरचे बोलणे अमेरिकेला जाते, ते वर्सोव्याला समुद्रात शिरून, तारेतूनच जाते. फक्त तांब्याच्या जागी काच आली. रस्त्यावर तो मोबाइलचा मनोरा आहे, त्याच्या पायाशी जाऊन बघ, काय शिरले आहे ते. बिनतारी असते ते शेवटचे चार पावलांचे अंतर. आणि आपल्या घराचे दुखणे नेमके त्या चार पावलांतच आहे."

चिरंजीव गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "याला इथरनेट म्हणतात, बाबा. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ या माणसाने याची कल्पना मांडली. इथर म्हणजे आकाशतत्त्व."

म्हणजे पाहा! नाव आकाशाचे आणि काम तारेचे. आमच्याकडे मुलीचे नाव शांता ठेवतात, तसेच.

आता खरेदी. पहिली चूक मी इथेच केली, तीही अनुभवी माणूस असून. जवळच्याच एका दुकानात गेलो. दुकानदाराने फारच स्वस्तात तार दिली. वर म्हणाला, "काका, एक नंबर माल." घरी येऊन सवयीने टोक पात्याने खरवडले, तर वरचा तांबूस मुलामा निघून आत पांढरे फटक! तांब्याचे पाणी चढवलेले ॲल्युमिनियम. असली तार हातात हलकी लागते, दोनदा वाकवली की तुटते, आणि तांब्यापेक्षा तिचा विरोध जास्त. मंगळसूत्रात पितळ निघावे तसे मला झाले. तेव्हा वाचकहो, तार घेताना दुकानातच टोक खरवडून पाहा. आतपर्यंत तांबूस दिसले तरच पैसे द्या. लाज बाळगू नका. आंबा घेताना आपण वास घेतोच ना?

दुसऱ्या दिवशी सरळ ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. आता त्याला डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात. पण विजेचे सामान घेणारा माणूस जुन्याच नावाने तिथे जातो. तिथे शुद्ध तांब्याची, सहाव्या वर्गाची, म्हणजे कॅट सिक्स म्हणतात ती तार मीटरला तीस रुपयांनी घेतली. ही तार शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट सहज वाहून नेते. म्हणजे आमच्या घराला उगीच भीमाच्या खांद्यावर बसवल्यासारखे. तिच्या टोकांना लावायच्या काचेसारख्या टोप्या, त्या दाबून बसवायचा चिमटा, तार तपासायची दिव्यांची डबी, आणि पाच भोकांचा एक स्विच, एवढी खरेदी झाली. स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. एका तारेच्या चार करून देणारी ती पेटी असते. हे मी घरी तीनदा सांगितले, तरी आमच्या मंडळींनी तो विजेच्या बोर्डाजवळच नेऊन ठेवला.

तार कुठून न्यायची, यावर घरात गोलमेज परिषद भरली. बोळातून न्यावी तर नवा रंग. दारावरून न्यावी तर तोरण. देवघराच्या भिंतीला भोक पाडायचे नाव काढताच अध्यक्षीणबाईंनी सभात्याग केला. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गुरुजी सल्ला द्यायला आले होते. ते म्हणाले, "भिंतीत विजेची नळी आहेच की! तिच्यातूनच ओढा. नामी युक्ती."

ही युक्ती नामी नाही, हे मी मुद्दाम सांगतो. विजेची तार आणि ही तार एका नळीतून कधीही नेऊ नये. एक तर विजेची धडधड या तारेत उतरते. आणि दुसरे म्हणजे कुठे वेष्टण खरचटले, तर २३० व्होल्ट थेट संगणकात आणि तिथून बसणाऱ्याच्या अंगात. वेगळी वाट काढावी, दोघींत वीतभर तरी अंतर ठेवावे, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडावी. जावा-जावांना लागू पडते ते इथेही लागू पडते.

शेवटी ठरले, की पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून, तळाच्या फरशीच्या कडेने न्यावी. मी सुतळीने वाट मोजली. डोळ्यांनी पाहिले तर अंतर बारा मीटर. वळणे धरून सुतळी भरली बावीस मीटर. हाही खात्यातला जुना धडा आहे, की तार पक्ष्यासारखी जात नाही, उंदरासारखी जाते. दोन्ही टोकांना हातभर जास्त ठेवली. कोपऱ्यावर तार चुरडून वाकवू नये, मनगटाच्या बांगडीएवढे तरी वळण द्यावे. आतल्या खोलीच्या भिंतीला भोक पाडले ते तुळईपासून आणि नळापासून दूर, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. हे सारे करायला आम्हा बापलेकांना एक दिवस लागला. चिरंजीव पट्टी धरीत, मी खिळे मारी, आणि नातू प्रत्येक खिळ्याला "आजोबा, हा कशाला?" असे विचारी. कित्येक वर्षांत आम्ही दोघे एवढा वेळ एकत्र बसलो नव्हतो.

मग टोकांना टोप्या लावायचे काम. वरची साल काढली आणि आत पाहतो तो काय, चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. वाचकहो, मला भुयारात उतरल्यासारखे वाटले. हेच रंग, याच क्रमाने, मी बत्तीस वर्षे मोजले. चिरंजीव मोबाइलवर क्रम शोधू लागले. मी म्हटले, "ठेव तो. हे मला शिकवू नकोस." आणि खात्याच्या शिस्तीने निळी जोडी, नारिंगी जोडी, हिरवी जोडी, तपकिरी जोडी, अशा शेजारी शेजारी आठ तारा लावून चिमटा दाबला. दुसऱ्या टोकालाही तसेच. डबीवर तपासले. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागले. मी मिशीला पीळ दिला.

संगणक जोडला. आणि बोलणे पूर्वीसारखेच तुटू लागले! कधी चाले, कधी अडखळे, कधी पार बंद. दिवे तर आठही लागताहेत! सूनबाई काही बोलल्या नाहीत. "बाबा, राहू द्या, तुम्ही दमलात," एवढेच म्हणाल्या. ते मला जास्त लागले.

रात्री चिरंजीवांनी शांतपणे तो क्रम वाचून दाखवला. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरवी जोडी फोडलेली. एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या जागी, आणि मध्ये निळी जोडी. "हा काय वेड्यासारखा क्रम?" मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच डोक्यात प्रकाश पडला. यंत्र बोलते ते तिसऱ्या आणि सहाव्या जागेची जोडी धरून. माझ्या लावणीत तिसरीवर एका जोडीची तार होती आणि सहावीवर दुसऱ्या जोडीची. दिव्यांच्या डबीला काय, टोकापासून टोकापर्यंत तार अखंड असली की तिचे समाधान. परंतु जोडीला पीळ असतो तो उगीच नव्हे. दोन्ही तारांवर बाहेरचा कलकलाट सारखाच पडावा आणि परस्पर कटून जावा, म्हणून तो पीळ. खुद्द ग्रॅहॅम बेलने १८८१ साली त्याचे पेटंट घेतले होते. मी नवऱ्याची गाठ एकीशी आणि बायकोची दुसऱ्याशी मारून दिली होती, आणि दोन्ही संसारांत कलकलाट माजला होता. भुयारात हीच चूक करणाऱ्या नव्या पोरांना मी शिव्या घातल्या आहेत.

"पण निळी जोडी मधेच का?" मी विचारले.

चिरंजीवांनी वाचले आणि माझ्याकडे पाहिले. "बाबा, मधल्या दोन जागा टेलिफोनच्या आहेत. टेलिफोनची पहिली जोडी निळी, आणि ती नेहमी मध्ये. हा क्रम ठरवताना ती जागा तशीच ठेवली."

मी काही बोललो नाही. चष्मा पुसला. दोन्ही टोके कापली आणि पुन्हा लावली. या वेळी रंग त्याने वाचले आणि हात माझे चालले. सोमवारी सूनबाई साडेसहाला बसल्या त्या साडेतीनला उठल्या, आणि मध्ये एकदाही "हॅलो, हॅलो" ऐकू आले नाही. मायक्रोवेव्ह दोनदा चालला होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कपाटात एक जुना राउटर पडला होता. तो आतल्या खोलीत लावला म्हणजे मोबाइललाही तिथे वायफाय मिळेल, असे ठरले. तो लावताच घरात दोन पेट्या नंबर वाटू लागल्या. एका गावात दोन टेलिफोन एक्स्चेंजे तेच नंबर वाटू लागली, तर जो गोंधळ होईल तोच झाला. चिरंजीवांनी जुन्याचे नंबर वाटणे बंद केले आणि त्याला केवळ हरकाम्या म्हणून ठेवले. दुसरी पेटी लावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: घरात नंबर वाटणारी पेटी एकच.

आणि मग, मुदत संपायला आठ दिवस उरले असताना, तो प्रसंग आला. रात्रीचे नऊ. सूनबाईंची मोठी बैठक, पुण्याचे वरिष्ठ आणि अमेरिकेचे साहेब समोर. मी दिवाणखान्यात बातम्या पाहत होतो. एकाएकी बातम्या थांबल्या. चिरंजीवांचा मोबाइल थांबला. आतले दार उघडले आणि सूनबाई बाहेर आल्या. कानांवरचे यंत्र गळ्यात आले होते आणि चेहरा उतरला होता.

"बाबा, सगळंच गेलं."

मी स्विचकडे धावलो. त्याचे सारे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. आकाशकंदिलाच्या माळेतसुद्धा एवढी घाई नसते. आणि शेजारी नातू उभा, कमरेवर हात ठेवून.

"आजोबा, मी पण तार लावली!"

टीव्हीसाठी म्हणून एक तार स्विचला लावून तिचे दुसरे टोक मी मोकळे सोडले होते. त्या टोकाला कुठेतरी घर मिळावे अशा सद्भावनेने त्याने ते त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात बसवले होते. स्विच म्हणजे टपालातला छाननी कारकून. ज्याचे पत्र त्याला देतो. पण काही पत्रांवर "सर्वांस" असे लिहिलेले असते; ती तो प्रत्येक दारातून बाहेर टाकतो. एका दारातून टाकलेले पत्र दुसऱ्या दारातून परत आत आले, की त्याला ते नवेच वाटते, आणि तो ते पुन्हा सर्वांस वाटतो. असे क्षणात हजारो वेळा. खऱ्या पत्रांना मग वाट कुठली? मोठ्या कचेऱ्यांतल्या महागड्या स्विचांना हे ओळखता येते. आमच्यासारख्याच्या स्वस्त स्विचाला येत नाही.

मी ते टोक उपटले. दिवे शांत झाले. सूनबाई आत पळाल्या. दाराला कान लावून आम्ही तिघे उभे राहिलो. चौथा आजीच्या कडेवर होता आणि त्याच्या तोंडावर आजीचा हात होता. आतून सूनबाईंचा आवाज आला, अगदी स्वच्छ. तीन मिनिटे खंड पडल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली आणि हिशेब पुढे सुरू केला. घरधनिणीने हात काढला, तेव्हा पोर म्हणाले, "अजून एक तार लावू?"

रिकामी भोके मी त्याच रात्री चिकटपट्टीने बंद केली. लहान मूल असलेल्या घरात स्विच उंचावर ठेवावा, ही या लेखातली शेवटची उपयोगाची सूचना.

ऑगस्टअखेर सूनबाईंना पत्र आले. मार्चपर्यंत घरून काम चालू ठेवावे, पुढचे पुढे पाहू. सरकारी भाषेत याला मुदतवाढ म्हणतात. मार्चनंतर काय, ते तारेच्या हातात नाही. पण पुण्याच्या जागा पाहणे थांबले आहे, आणि पितळी डबा घासूनपुसून पुन्हा माळ्यावर गेला आहे. यंदाची भाजणी घरच्या पुरतीच दळून आणली.

परवा वरच्या मजल्यावरचे गुरुजी आले. त्यांच्या मुलीचेही घरून काम असते आणि तिचेही बोलणे तुटते. जरा चाचरत म्हणाले, "तुमच्यासारखी तार आमच्याकडे..." मी चिमटा आणि डबी शोधू लागलो, तो चिरंजीवांनी ती आधीच पिशवीत भरली होती. जिन्यावरून वर जाताना मागून नातवाने सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "तार आली हो!" हे त्याला त्याच्या आजीने शिकवले आहे.

कुणाच्याही घरातून रडण्याचा आवाज आला नाही.